माकणीची डेग आणि स्वीडनची यादी

"नाव माझं आहे तिच्यावर, काकू. कोरलेलं आहे. वाचून दाखवू?"

"वाच की. मला कुठं येतंय वाचायला."

"चिरंजीव अमरसिंह, परदेशगमन, दोन हजार चार."

"बरं. शाळंतल्या पंख्यावर सिद्धेश्वरच्या बापाचं नाव हाय. उकडाय लागलं की सिद्धेश्वर पंखा काढून घरी नेतो व्हय?"

"मी कुठं घरी नेतो म्हणतोय? आईचं वर्षश्राद्ध आहे. आईनं दिलेल्या डेगीत आईच्या वर्षाची गव्हाची हुग्गी शिजावी, एवढंच माझं म्हणणं आहे."

"एवढंच व्हय? परवा तर म्हणत होतास, नंतर तिकडं नेतो, हॉलमधी ठेवतो, झाड लावतो तिच्यात."

"ते मी नुसतं बोललो."

"झाड लावतो म्हणं. तीनशे माणसांच्या पोटाच्या भांड्यात."

"काकू, तुम्ही देणार का नाही? हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

"तवाचं तवा बघू."

"म्हणजे तुमच्या मनावर?"

"मग कुणाच्या मनावर असतंय?"

"ही हुकूमशाही झाली."

"न्हाय बाबा," सारजाबाई कमरेला हात लावून म्हणाल्या, "ही चावी हाय."

माकणीच्या चावडीमागं एक बुटकी खोली आहे, तिथं हे चाललं होतं. खोलीत गावकीची भांडी असतात. पराती, टोप, झारे, ओगराळी आणि मधोमध, पाटलीण बसावी तशी बसलेली, तांब्याची डेग. आमच्याकडं घरात काही चांगलं घडलं की माणसं गावकीला एक भांडं देतात. लग्न जमलं, परात दिली. नोकरी लागली, टोप दिला. ज्याच्या घरी कार्य निघेल त्यानं ती न्यायची, चिंच लावून घासायची, परत आणून ठेवायची. भाडं नाही, पावती नाही. कुणाला कधी द्यायचं ते सारजाबाई ठरवतात आणि कसं ठरवतात ते कुणालाच कळत नाही. त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाई ठरवायच्या, तेव्हाही कळत नव्हतं.

डेग अमरसिंहाच्या आईनं दिली होती, पोरगं विमानात बसलं त्या आठवड्यात. दोन्ही कड्यांतून दांडा घालून चार गडी लागतात उचलायला. ती माउली गेल्या वर्षी गेली. अमरसिंह पोचला तिसऱ्या दिवशी, तोवर सगळं गावानं उरकलं होतं. ते त्याला फार लागलं. त्यामुळं वर्षश्राद्ध तरी आपल्या हातानं, नीट, आईच्या डेगीत करायचं, असं ठरवून तो रजा टाकून महिनाभर आधीच आला. या एका गोष्टीत तो खोटा नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं त्याच्याविषयी बरं बोलण्यासारखं थोडंच आहे.

अमरसिंह मूळचा सरकारच्या मांडीवर वाढलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकला, सरकारी वसतिगृहात जेवला, स्कॉलरशिपवर पुस्तकं घेतली. तेरणेच्या धरणात त्यांची दोन एकर गेली होती, त्या दाखल्यावर सरकारी कॉलेजात इंजिनिअरिंगला लागला. तिथून पुण्याला, पुण्याहून स्वीडनला, गोथेनबर्ग नावाच्या गावी, मोटारींच्या कारखान्यात. एवढं सगळं झाल्यावर तो म्हणतो, "मी स्वतःच्या हिमतीवर वर आलो."

दर वर्षी तो तीन आठवडे यायचा आणि चावडीच्या कट्ट्यावर त्याची समाजवादावरची सभा भरायची.

"तिकडे दवाखाना फुकट. शाळा फुकट. शाळेत जेवण फुकट. मूल झालं की बापाला पण रजा."

"बाप काय करतो रजंत?" गोरोबा विचारायचे. गोरोबा म्हणजे गावातले सगळ्यात म्हातारे आणि सगळ्यात रिकामे.

"बाळ सांभाळतो."

"अन् बाळाची आजी?"

"ती वेगळी राहते."

"अन् शेजारीण?"

"शेजाऱ्यांचा काय संबंध?"

"मग समाजवादात समाज कुठाय रं?"

"आबा, समाज म्हणजे व्यवस्था. माणसं नव्हे."

गोरोबा मान डोलवायचे. फुकटच्या दवाखान्यापेक्षा त्यांना हे वाक्य जास्त आवडायचं. पुढं वर्षभर ते पोस्टमनला ऐकवायचे.

खरी गंमत पुढंच होती. हाच अमरसिंह तिकडं गेला की त्याचे मोठमोठे मेसेज यायचे. आपण राब राब राबायचं आणि निम्मा पगार सरकारनं न्यायचा, कशासाठी, तर आळशी लोकांना घरी बसून पोसायला. भांडवलशाहीशिवाय जगाला तरणोपाय नाही, वगैरे. आम्ही सगळ्यांनी दोन्ही वाचलेलं, ऐकलेलं. गावानं त्यातून सरळ हिशेब काढला, की विमान निम्म्या वाटेवर आलं की अमरसिंहाचा पक्ष बदलतो. इकडं येताना डावीकडं वळतो, तिकडं जाताना उजवीकडं. त्याच्या बॅगेतल्या सामानाचंही तसंच होतं. येताना चॉकलेटं, जाताना लोणचं.

त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट धुण्याच्या खोलीची. त्याच्या इमारतीत म्हणे तळघरात एक खोली आहे, सगळ्यांची मिळून. भिंतीवर फळा. ज्याला कपडे धुवायचे त्यानं फळ्यावर आपली वेळ अडकवायची. तीन तास तुमचे. डॉक्टर असो, झाडूवाला असो, तीनच तास. मशीनच्या जाळीत धाग्यांचा पुंजका राहिला तरी दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी.

"चाळीस घरं," अमरसिंह बोटं उघडून सांगायचा, "आणि एकही भांडण नाही. कुणी कुणाशी बोलत नाही, तरी सगळं सरळ चालतं."

"बोलत न्हाईत म्हणून चालत आसंल," सारजाबाई म्हणायच्या.

या वर्षी ती गोष्ट सांगताना त्याच्या बायकोचा, निकितावहिनींचा व्हिडिओ कॉल चालू होता आणि ते तो विसरला होता. फोन गोरोबांच्या मांडीवर. त्यातून आवाज आला, "अहो, कशाला त्या खोलीचं सांगताय? आपण दुसऱ्याच महिन्यात स्वतःचं मशीन घेतलं की. तुम्हीच म्हणालात, दुसऱ्यांच्या चड्ड्यांच्या पाण्यात मी धुणार नाही."

गोरोबांनी फोन उलटा करून मांडीवर ठेवला, जणू वहिनींना लाज वाटू नये म्हणून.

तर असा हा माणूस त्या दिवशी सारजाबाईंकडून "तवाचं तवा" ऐकून बाहेर पडला आणि त्यानं ठरवलं की गावात व्यवस्था आणायची. रात्र पडायच्या आत व्हॉट्सॲपवर गट तयार झाला. नाव, "समान भांडी समान हक्क". नियम एकच. ज्याला डेग पाहिजे त्यानं तारीख टाकायची. आधी टाकेल त्याची. गरीब नाही, श्रीमंत नाही, मर्जी नाही, चावी नाही. यादी म्हणेल तसं.

पहिली तारीख अर्थात त्यानंच टाकली. आई गेली ती अठ्ठावीस तारखेला, म्हणून अठ्ठावीस. दोन हात जोडलेले, एक दिवा.

मग गाव जागं झालं.

इतकी वर्षं डेग खोलीत पडून असायची, महिन्यातून एकदा निघायची. कुणाच्या मनात कधी आलं नाही की आपल्याला ती मिळणार नाही. यादी आली आणि दुसऱ्याच सकाळी सगळ्यांना डेग कमी पडायला लागली. सिद्धेश्वरनं, ज्याचं खताचं दुकान आहे, येत्या दोन वर्षांतले सगळे लग्नाचे मुहूर्त पंचांग समोर घेऊन टाकून दिले. त्याला एकच पोरगं, एकोणीस वर्षांचं, बारावीत अडकलेलं. एकानं मुलीच्या डोहाळजेवणाची तारीख टाकली. मुलीला अजून स्थळ बघायचं होतं. दुसऱ्यानं लिहिलं, "राखीव, कारण नंतर." आणि गोरोबांनी नातवाकडून लिहून घेतलं, "स्वतःचा तेरावा. तारीख कळवण्यात येईल."

"आबा, असं नाही लिहिता येत," अमरसिंह कळवळून म्हणाला.

"का? मेलेल्याला हक्क न्हाईत व्हय तुमच्यात?"

"पण तुम्ही मेलेले नाही."

"म्हणूनच लिव्हतोय. मेल्यावर नंबर कोण लावणार? तूच म्हणलास, आधी टाकंल त्याची."

आठ दिवसांत एकशे चौदा माणसं आणि दोनशेवर तारखा. नवव्या दिवसापासून तारखांची अदलाबदल सुरू झाली. "तुमचा अक्षय तृतीयेचा दिवस सोडा, मी ट्रॅक्टर दोन दिवस देतो." "माझी माघातली तारीख घ्या, पण पोरीच्या लग्नात मंडप तुमचा." ज्यांच्या घरी कार्य नव्हतं त्यांच्याकडंच सगळ्यात जास्त तारखा होत्या. सिद्धेश्वर तर दुकानात खताच्या पोत्यावर बसून तारखांचा बाजार चालवायला लागला. स्वीडनहून समता आणली होती, माकणीच्या हवेत तिला दीड आठवड्यात दुकानदारीचे कोंब फुटले.

अमरसिंहाला त्याचंही काही वाटलं नसतं. उलट कट्ट्यावर तो म्हणाला, "बाजारालाही शिस्त असते." पण त्याच दुपारी त्याची चुलतबहीण विचारायला आली, "दादा, वरीस कधी धरलंय?"

"अठ्ठावीसला."

"अठ्ठावीसला कसं? वरीस तिथीनं असतंय. गुरुजींनी सतरा सांगितलीय."

बावीस वर्षं ज्या देशात अमरसिंह राहतो तिथं माणसं तारखेनं मरतात. माकणीत तिथीनं मरतात, आणि तिथी पुढच्या वर्षी अकरा दिवस आधी येते, हे तो साफ विसरला होता. त्यानं फोन काढला. यादीत सतरा तारखेसमोर नाव होतं, सिद्धेश्वर. कार्य, "चि.च्या मोबाईल शॉपीचे उद्घाटन, बुंदी."

तो लगेच सिद्धेश्वरच्या दुकानी गेला.

"सिद्धू, सतरा तारीख मला दे."

"बसा दादा. च्या घ्या. कसं हाय, कार्डं छापलीत."

"आईचं वर्ष आहे रे."

"व्हय की. काकू लई चांगल्या होत्या. मला लेकरासारखं बघायच्या." सिद्धेश्वरनं कपात फुंकर मारली. "आमचं बारकं बारावीला तेवढं राहिलंय बघा. तिकडं कुठं चिकटतंय का?"

"तिकडे वशिला चालत नाही."

"वशिला कोण म्हणतंय? समाजवाद म्हणून चिकटवा."

"तसं नसतं, सिद्धू."

"मग यादीत बी तसं नसतंय, दादा. आधी टाकंल त्याची."

अमरसिंहाला राग आला की त्याचं स्वीडन सुटतं आणि माकणी बोलायला लागते. "आरं, यादी म्याच केली ना?"

"तुमीच केली. लई झ्याक केली," सिद्धेश्वर म्हणाला.

दोन दिवस तो दुसरी भांडी शोधत फिरला. लातूरला जाऊन स्टीलचे मोठे टोप भाड्यानं बघून आला. टोप चकचकीत होते, त्यांत आई नव्हती. पंधरा तारखेला सकाळी तो पुन्हा चावडीमागं आला. सारजाबाई उंबऱ्यात बसून पळ्या घासत होत्या. सिद्धेश्वर आधीच येऊन उभा. डेग न्यायची कधी, ते ठरवायला आलेला.

"काकू," अमरसिंह म्हणाला, "यादी जरा बाजूला ठेवा."

"कुठली यादी?"

"मोबाईलवरची."

"मला मोबाईलच न्हाय. म्या काय बाजूला ठिवू?"

"काकू, सतरा माझी हाय," सिद्धेश्वर मध्ये पडला. "एकशे चौदा माणसांनी बघितलीय."

"तुझं काय हाय सतराला?"

"पोराच्या गाळ्याचं उद्घाटन."

"गाळा चार दिवसांनी उघडला तर मोबाईल नासत्यात व्हय? तिचं वरीस काय चार दिवसांनी यायचं न्हाय. तू एकवीसला ने."

झालं. दोन आठवडे, एकशे चौदा माणसं आणि दोनशे तारखा तीन वाक्यांत निकालात निघाल्या. सिद्धेश्वरनं अमरसिंहाकडं बघितलं.

"मग दादा, यादी कशाला केली?"

"यादी मार्गदर्शक आहे," अमरसिंह म्हणाला. "बंधनकारक नाही."

"तिकडं धुण्याच्या खोलीत बी असंच चालतंय का?"

अमरसिंहानं त्याच्याकडं पाठ केली. तो सारजाबाईंसमोर उकिडवा बसला. डेग मिळाली होती जवळजवळ. त्यानं हात जोडले. "काकू, उपकार झाले."

"थांब. कुणाकुणाला आवतन हाय?"

हा सारजाबाईंचा नेहमीचा प्रश्न. डेग देताना त्या एवढंच विचारतात.

"चाळीस घरांना. कार्ड दिलंय. घरटी दोन माणसं."

"घरटी दोन? बाकीच्यांनी घरी बसून वास घ्यायचा व्हय? ऐंशी माणसाला डेग कशाला, कुकर लाव."

"मग?"

"चूलबंद सांग सगळ्यांना. त्या दिवशी तुझ्या आईच्या नावानं कुणाच्या घरात चूल पेटाया नको. म्हातारी, लेकरं, पाव्हणा असंल तर पाव्हणा. नावं वाच."

त्यानं फोनवरून नावं वाचली. सारजाबाई डोळे मिटून ऐकत होत्या, मधूनच "त्याच्या भावाला?" "भाऊबंदकी हाय म्हणून सोडू नको," अशी भर घालत होत्या. तो लिहून घेत होता. दोन आठवड्यांपूर्वी जिला हुकूमशहा ठरवलं, त्या बाईचं बोलणं तो शाळेत शुद्धलेखन लिहावं तसं उतरवून घेत होता. नावं संपली.

"अन् बनाबाई?"

"कोण बनाबाई?"

"कोण म्हणं." सारजाबाईंनी पळी खाली ठेवली. "तुझी आई अन् बनाबाई पंचवीस वर्सं पातीला पात लावून खुरपत होत्या. आज हिच्या रानात, उद्या तिच्या. तू बोर्डिंगात निघालास तवा तुझी पेटी डोक्यावर घिऊन फाट्यापत्तुर कोण आलतं? तुझी आई नव्हती, ती तापानं पडलेली. बनाबाई आल्ती. अन् इचारतोय कोण बनाबाई. व्हय रं, समाजवादी?"

सिद्धेश्वर खुदकन हसला.

अमरसिंहाचे कान लाल झाले. त्याला आठवली होती ती. वस्तीतल्या गुलाबची आई, पाण्याच्या टाकीपलीकडचं घर. तो गटातली नावं वरखाली करायला लागला. बनाबाईंच्या घरातल्या कुणाचाच नंबर नव्हता. बुद्धविहाराकडच्या कुणाचाच नव्हता. एकशे चौदा माणसांच्या समान हक्कात ती पन्नास घरं नव्हतीच आणि दोन आठवड्यांत हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. रोज तो गट वाचून हसणाऱ्या माझ्याही नाही.

"देतो आवतन," तो म्हणाला. "आत्ता जातो. स्वतः जातो."

"जा. चूलबंद सांग."

तो उठला. दारापर्यंत गेला आणि वळला. हा प्रश्न त्याला इतक्या वर्षांत पडला नव्हता, स्वीडनमध्येही नाही. भांडणात पाठ टेकायला आली तेव्हा पडला. पण पडला तो खोटा नव्हता.

"काकू, एक सांगा. आईनं दिल्यापासून ही डेग बनाबाईच्या दारात किती वेळा गेली?"

सारजाबाई पळी घासत राहिल्या.

"गुलाबचं लग्न झालं असेल. गुलाबच्या पोरांची झाली असतील."

"त्यांची त्यांची भांडी हायत. विहारात ठिवत्यात. आपल्यापेक्षा चांगली हायत."

"ती त्यांना का करावी लागली?"

"ते म्या काय सांगू? सासूबाईच्या आधीपासून हाय ते."

"चावी आता सासूबाईकडं नाही."

"अमर, म्या तुला आवतनाचं इचारलं."

"म्या बी तेच इचारतोय." त्याचं स्वीडन पुरतं सुटलं होतं. "माझ्या आईनं डेग गावाला दिली का न्हाय? दिली. मग बनाबाई कुठल्या गावची?"

सिद्धेश्वरचं हसू तोंडावरच राहिलं, ते कुठं ठेवावं त्याला कळेना. तो भिंतीकडं बघायला लागला.

सारजाबाईंनी पळी धुतली. दुसऱ्या पळीवर ठेवली. पदराला हात पुसले, गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत डेगीकडं एकदा बघितलं. अमरसिंह दारातून बाजूला झाला.

"काकू," सिद्धेश्वर हळूच म्हणाला, "मग डेग कुणी न्यायची?"

त्या उंबरा ओलांडून बाहेर गेल्या. ऊन चढलं होतं. चावडीला वळसा घालून त्या घराकडं चालायला लागल्या, आणि एरवी कमरेला असणारी चावी कुलपालाच लटकत राहिली.